सायलेन्सरचा फ्लेक्झिबल पाइप: हा विषय फक्त गॅरेजचा नाही

डॉक्टरांनी गाडीच्या सायलेन्सरवर लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पण सुट्टीत लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपण टायर, ब्रेक, ऑइल, एसी असे सगळे तपासून घेतो. ज्या एका भागाच्या बिघाडामुळे गाडीतली सगळी माणसे एकदम आजारी पडू शकतात, तो मात्र "थोडा आवाज येतोय, बघू नंतर" म्हणून सोडून देतो. तो भाग म्हणजे धुराच्या नळीतला फ्लेक्झिबल पाइप. काही गॅरेजवाले त्याला जाळीचा पाइप म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे. हा पाइप फुटला असेल तर ती किरकोळ दुरुस्ती नसून आतल्या माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यात जुगाड चालणार नाही.

हा पाइप असतो कशासाठी?

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे ते सतत हलते. सायलेन्सर मात्र गाडीच्या तळाला टांगलेला असतो. या दोघांना सरळ लोखंडी नळीने जोडले तर इंजिनच्या प्रत्येक हिसक्याचा ताण नळीवर येईल आणि ती कुठेतरी तडकेल. म्हणून मध्ये वीतभर लांबीचा लवचीक तुकडा बसवतात. आत हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्यांची पोलादी नळी आणि बाहेरून तारांची विणलेली जाळी, अशी त्याची रचना असते. खड्डे, स्पीडब्रेकरवर तळ घासणे, पाणी-चिखलाने चढलेला गंज आणि ढिले झालेले इंजिन माउंटिंग यांमुळे या घड्या कालांतराने चिरतात. बाहेरची जाळी शाबूत दिसते, पण आतून धूर गळत असतो.

ही गळती गाडीच्या पुढच्या भागात, बहुधा चालकाच्या पायांखालच्या बाजूला होते. धावत्या गाडीत बराचसा धूर मागे उडून जातो. गाडी सिग्नलला, वाहतूक कोंडीत किंवा एसी लावून उभी असेल, तर तोच धूर इंजिनच्या बाजूने वर येतो. एसीला बाहेरची हवा पुरवणारी जाळी बॉनेटच्या मागे, काचेच्या खालीच असते. तळाचे रबरी बूच निघालेले असेल किंवा पत्रा गंजून भोक पडले असेल, तर धुराला आणखी एक वाट मिळते.

शरीरात काय होते?

या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. त्यामुळे "वास येत नाही म्हणजे काही नाही" हा समज धोक्याचा आहे. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट पकडून ठेवते. हवेत तो थोडा असला तरी रक्तात साठत जातो आणि मेंदू व हृदय यांचा प्राणवायू कमी पडू लागतो.

सुरुवातीची लक्षणे अगदी साधी असतात: डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, थकवा, लक्ष न लागणे. आपण म्हणतो, गाडी लागली, पित्त झाले, ऊन लागले. प्रमाण वाढले की गोंधळ उडतो, पायातली शक्ती जाते, झोप येते आणि शेवटी शुद्ध हरपते. दार उघडून बाहेर पडावे, हे सुचण्याची ताकदच आधी जाते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, हृदयरोगी आणि रक्त कमी असलेल्या व्यक्तींना धोका अधिक. गर्भाच्या रक्तात हा वायू आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठू शकतो.

माझ्याकडे शाळेची व्हॅन चालवणारे एक गृहस्थ संध्याकाळच्या डोकेदुखीसाठी आले होते. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर ठीक. रविवारी आणि सुट्टीत दुखणे अजिबात नाही. व्हॅनमधल्या मुलांचे विचारले तेव्हा म्हणाले, "हो, दोघं-तिघं कधी कधी डोकं धरून बसतात." गोळी लिहून देण्याआधी त्यांना गॅरेजमध्ये पाठवले. फ्लेक्झिबल पाइप चिरलेला निघाला. तो बदलल्यावर दुखणे थांबले. गाडीत बसल्यावर त्रास, उतरल्यावर आराम, आणि एकाच वेळी अनेकांना त्रास, ही खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

"पण पीयूसी तर पास आहे!"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पीयूसी तपासणी मागच्या टोकाला होते. मध्येच गळती असेल तर ती तिथे कळत नाही. उलट चिरेतून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर आकडा कमीच येऊ शकतो. शिवाय ती परीक्षा बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाची आहे. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारला उभ्या स्थितीत ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. म्हणजे दहा लाख भागांत ३,००० भाग. जागतिक आरोग्य संघटनेने तासाभरासाठी सांगितलेली सुरक्षित पातळी साधारण ३० भाग आहे. पीयूसी पास झालेला धूरसुद्धा श्वासात घेण्यासाठी नाही, एवढे यावरून समजावे.

सीएनजीच्या धुरातही हा वायू असतो. डिझेलमध्ये तुलनेने कमी असतो, पण तो धूरही फुप्फुसांना घातकच.

हे खरेच घडते का?

२०१७ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या पोलिस खात्याने आपल्या सुमारे ४०० गाड्या वापरातून काढल्या, कारण पोलिसांना गाडीतच या वायूचा त्रास होत होता. पुढे तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या चौकशीत दिसले, की ज्या गाड्यांत वायू जास्त शिरत होता त्यांत जादा उपकरणे बसवताना पाडलेली भोके नीट बुजवलेली नव्हती, किंवा मागून धडक बसून सांधे उघडले होते. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृत आढळले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा धूर तळातून आत शिरला होता. दोन्हीकडे धुराचा उगम वेगळा, पण धडा एकच: तळाला फट असेल तर धूर आत येतो.

मग करायचे काय?

१. इंजिन सुरू करताना पुढून फट-फट किंवा फसफस आवाज, जोर दिल्यावर वाढणारा आवाज, पाइपवर काजळीचे काळे डाग, गाडीत धुराचा वास, यांपैकी काहीही जाणवले तर आठवड्याभरात नव्हे, त्याच दिवशी गॅरेजला जा. जाताना काचा खाली ठेवा.

२. गाडी लिफ्टवर किंवा पिटवर घेऊन खालून पाहायला सांगा. स्वतः हात लावू नका, पाइप प्रचंड तापलेला असतो.

३. पट्टी गुंडाळणे, लांबी भरणे किंवा जाळीवरूनच वेल्डिंग मारणे हे उपाय फार टिकत नाहीत. लवचीक तुकडा काढून सरळ नळी जोडणे तर त्याहून वाईट. मग चीर दुसरीकडे, अनेकदा इंजिनच्या आणखी जवळ पडते. योग्य मापाचा नवा पाइप बसवा आणि इंजिन माउंटिंग तपासा, नाहीतर नवाही लवकर फुटेल. तळाची भोके बुजवून घ्या.

४. उभ्या गाडीत एसी लावून झोपू नका. लग्नाच्या हॉलबाहेर, विमानतळाबाहेर आपल्यासाठी थांबलेल्या चालकालाही झोपायला लावू नका. त्याच्या विश्रांतीची सोय करणे ही आपली जबाबदारी आहे.

५. शाळेच्या व्हॅनची तपासणी होते तेव्हा हा पाइप पाहिलाच गेला पाहिजे. पालकांनी सभेत हे जरूर विचारावे.

त्रास झालाच तर

इंजिन बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. रुग्णालयात "गाडीत धूर आला होता" हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या वायूने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूवाले समजतो आणि ९८ दाखवतो. त्यावर विसंबून घरी जाऊ नका. निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तासात तो निम्मा होतो. म्हणून उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे.

सीट कव्हरवर आणि म्युझिक सिस्टिमवर आपण हौसेने खर्च करतो, तो जरूर करावा. पण त्याआधी एकदा गाडीखाली वाकून पाहायला मेकॅनिकला सांगा. पुढच्या सर्व्हिसिंगच्या यादीत "फ्लेक्झिबल पाइप" हे दोन शब्द आजच लिहून ठेवा.