आधी रफार वाचवा!

नातीबरोबर मीही पायथॉन शिकतोय. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येते. हौसेने ‘पूर्णगुण’ टंकले, तर वर रफार कापलेला, खाली ऊकार कापलेला! ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची. आपल्या मात्रा-उकार मावणार कुठे?

नात म्हणाली, “आबा, इंग्रजीत लिहा ना.” हेच मला खटकले. नाशकात इतकी वर्षे शिकवले. बाक लहान पडला तर बाक बदलला, मुलाचे पाय नाही कापले.

जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात शिशाच्या खिळ्यांतून सुबक देवनागरी छापली. मग आज पडद्यावरची ओळ जरा उंच करायला काय अडते? हा नटवेपणा नव्हे. अक्षर धड दिसले, तरच मूल ते लिहायला धजेल.