समुद्राचे दप्तर एकत्र हवे

पावसाळा ओसरून मासेमारीच्या होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या गेल्यावर, भाद्रपद-आश्विनाच्या संधीस, गोव्यातील कांदोळीपासून सुमारे १० किलोमीटरवर तळाचे पाणी बाटलीत घेऊन त्यात मँगनीजचे व अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडले, तर जो साका एरवी तपकिरी धरावयाचा तो पांढराच राहतो. अर्थात त्या पाण्यात प्राणवायू नाही. पुष्कळदा बूच काढताच कुजक्या अंड्यांचा दर्प येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा.

येथवरचा प्रकार मूलतः निसर्गाचाच आहे. मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटले जाऊन त्याच्या जागी अरबी समुद्राच्या खोलीतील, प्राणवायूने दरिद्री परंतु नत्र व स्फुरद यांनी संपन्न असे पाणी वर सरकते, प्लवकांचे अमाप पीक येते, ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो, आणि वर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसल्यामुळे हवेतून त्याची भरपाई होत नाही. वाद आहे तो यापुढचा. सय्यद वाजिह अहमद नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रतिपादिले की, ही अवस्था तीव्र होत असून शेतांतून वाहून येणारे खत त्यास हातभार लावीत असावे. अन्य अभ्यासक वारे व प्रवाह यांतील वार्षिक फेरबदलांकडे बोट दाखवितात.

याचा निवाडा एखाद्या मोहिमेने होण्याजोगा नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने अनेक देशांची जहाजे या समुद्रात आणली आणि तिच्याच प्रेरणेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, हे ऋण मोठे. तथापि मोहीम येते तशी जाते. याउलट कांदोळीच्या पाण्याच्या १९९७ पासून ठेवलेल्या नोंदींचे मोल त्यांच्या कंटाळवाण्या सातत्यात आहे. परंतु खताचा खप कृषिखात्याकडे, नद्यांचा विसर्ग पाटबंधारे खात्याकडे, सांडपाण्याचा हिशेब नगरपालिकांकडे आणि मासळीची आवक मत्स्यखात्याकडे, अशी ही दप्तरे अलग पडली आहेत. शिवाय १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा अखत्यार राज्यांचा, त्यापलीकडे केंद्राचा.

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ सरकारांनी केंद्राशी मसलत करून आपापल्या किनाऱ्यावर एकाच पद्धतीची मासिक मोजणी सुरू करावी, सर्व खात्यांचे आकडे संशोधकांस खुले करावेत, आणि खर्चाची तरतूद दरसाल याचना करावयास न लावता निदान २० वर्षांसाठी एकवार मंजूर करावी.