गज बांधणाऱ्याचे गणित

तुमच्या गावात कोठे ना कोठे स्लॅबचे काम चालू असेलच. शाळेतून परतताना घटकाभर तेथे थांबा आणि गज बांधणाऱ्या कारागिराला विचारा, "१२ मिलिमीटरचा गज मीटरला किती भरतो?" तो मनातल्या मनात बाराचा वर्ग करील, १६२ ने भागील आणि सांगेल, नऊशे ग्रॅमला थोडा कमी. हे १६२ आले कोठून, असे विचारलेत तर मात्र बहुधा उत्तर मिळणार नाही. ते काढण्याचे काम तुमचे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलोग्रॅम. गजाच्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे पाय भागिले चार, गुणिले व्यासाचा वर्ग. व्यास मिलिमीटरमध्ये आहे, म्हणून दहा लाखांनी भागा. आकडेमोड संपली की व्यासाच्या वर्गाला सुमारे १६२ ने भागणे एवढेच शिल्लक राहते.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमचे पुष्कळ पदवीधर ही उपपत्ती फळ्यावर सहज मांडतील, पण गज वाकवायचा कसा हे त्यांना ठाऊक नसते. उलट त्या कारागिराला सूत्र कोणीच समजावून दिलेले नसते. हात आणि डोके दोन्ही एका वेळी शिकतील अशी एक व्यवस्था आपल्या देशात १९६१ च्या कायद्याने केलेली आहे. तिचे नाव शिकाऊ उमेदवारी. दहावीच्या वर्गात तिची गोष्ट जितकी निघायला हवी तितकी निघत नाही, ही माझी तक्रार आहे.

उमेदवारी आपल्याला नवी नाही. लोहाराकडचा पोरगा आधी भाता ओढी, मग घण मारी, आणि सांडशी हातात यायला वर्षे जात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना तो काय शिके, पाहा. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवीत, फुगलेली असतानाच चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. निवताना धाव आक्रसे आणि चाकाचे सारे लाकडी भाग आवळून धरी. तुमच्या पुस्तकातला प्रसरणाचा धडा तो असा शिकत असे. आपल्याला हे येते असा कागद मात्र त्याला कोणी देत नसे.

१९६१ च्या कायद्याने हा कागद आला. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. शिकत असताना दरमहा विद्यावेतन मिळते, कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे, आणि शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. २०१९ साली नियम बदलले तेव्हा किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णास ६,००० रुपये आणि बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णास ७,००० रुपये ठरले. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. कंत्राटी धरून ३० किंवा अधिक माणसे असलेल्या उद्योगाने त्यांच्या अडीच ते १५ टक्के इतके उमेदवार घेतलेच पाहिजेत, असेही याच नियमांत आले. उमेदवाराचे वय किमान १४ हवे, धोक्याच्या कामासाठी १८. आयटीआयचा वेल्डर एका वर्षात तयार होतो, फिटर दोन वर्षांत. त्यानंतर उमेदवारी करता येते.

आता आमच्या पालमकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. काही जण पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात. त्यांतली कित्येक पोरे मुकादमाच्या हाताखाली रिंगा वाकवायला, तारेने गज बांधायला शिकतात आणि चार-पाच वर्षांत चांगले कारागीर होतात. पण मुकादम बदलला की ती पुन्हा हेल्पर! चार वर्षे शिकलो हे दाखवायला त्यांच्याजवळ काही नसते. काम तेच, घाम तोच. नोंदवलेला करार तेवढा नाही.

या व्यवस्थेत सारे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. नुसत्या विद्यावेतनात शहरातली खोली आणि खाणावळ भागवणे कठीण आहे. राहण्याची सोय झाल्याशिवाय पालमचा मुलगा तिकडे टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उमेदवारी संपल्यावर करारात तसे लिहिलेले नसेल तर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. उमेदवाराला नुसता झाडू-पाण्याला लावणारे मालकही भेटतात. म्हणून करार नोंदवला आहे का आणि शिकवणार कोण, हे आधी विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

पण "यात शिकण्यासारखे आहे काय?" असे कोणी गुरुजी म्हणाले, तर त्यांना छज्जा दाखवा. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला फार दुबळे, दाबाच्या साधारण एक दशांश. म्हणून जेथे ताण तेथे गज. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई खाली वाकते, तिच्या तळाशी ताण येतो, तेव्हा मुख्य गज खाली घालतात. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचा ताण वरच्या अंगाला. तेथे सवयीने गज खाली घातले, किंवा काँक्रीट ओतताना वरच्या गजांवर पाय पडून ते खाली दबले, तर ठोकळे काढताच छज्जा कोसळू शकतो. गज तितकेच, वजन तितकेच, जागा तेवढी चुकलेली. गज पोलादाचेच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. मराठवाड्याच्या उन्हात १२ मीटरचा गज ३० अंशांनी तापला तर सुमारे चार मिलिमीटर वाढतो आणि काँक्रीटही जवळपास तेवढेच वाढते. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट वाढले असते आणि पकड सुटली असती.

आमच्या तालुक्यात गोदावरीवर दिग्रसचा बंधारा आहे. तेथील लोखंडी दारे पाहताना एक हिशेब करा. पाच मीटर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे पाच टन पडतो. असे दार ज्याने सांधले त्याचा एक वेल्ड कच्चा राहिला असता तर? आणि उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा बांधायला का सांगतात? १० मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, तोही ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. जवळचे काम सुरक्षित अंतरावरून मुलामुलींना दाखवा आणि कारागिरालाच बोलू द्या. गेलात तर तुळईतल्या रिंगांकडे मुद्दाम पाहा. टोकांशी त्या जवळजवळ बांधलेल्या दिसतील, मध्यभागी विरळ. तुळई तर मध्येच जास्त वाकते, मग रिंगा टोकांना दाट का?