ढोंग, भूत की आजार?

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवतो. एका कादंबरीबद्दल लिहायचंय, आणि त्या निमित्ताने माझ्या एका जुन्या चुकीबद्दल.

सिडने शेल्डनची 'टेल मी युवर ड्रीम्स' परवा पुन्हा वाचली. 1998 ची कादंबरी. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा रात्रभर जागून संपवली होती. (ज्यांना वाचायची आहे त्यांनी पुढच्या चार ओळी सोडा.) तीन तरुणी, एकामागून एक खून, आणि मग कळतं की तिघी एकाच देहात राहतात. नंतर खटला उभा राहतो. एका बाजूचे डॉक्टर म्हणतात असा आजार असतो, दुसऱ्या बाजूचे म्हणतात असलं काही नसतंच. सगळा सस्पेन्स या भांडणावर उभा आहे.

हे भांडण लेखकाने मनाने रचलेलं नाही. अमेरिकेत 1973 साली 'सिबिल' नावाचं पुस्तक गाजलं. एका बाईमध्ये सोळा व्यक्तिमत्त्वं आहेत, ही सत्यकथा म्हणून. त्याआधी असे रुग्ण मोजके सापडायचे, नंतर हजारोंनी सापडायला लागले. 1980 मध्ये तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार स्वतंत्रपणे आला, 1994 मध्ये त्याचं नाव बदललं. पण त्याच सिबिलने 1958 मध्येच आपल्या डॉक्टरीण बाईंना पत्र लिहून 'मी हे सगळं खोटं सांगितलं' असं कळवलं होतं. पुढे तिने ते पत्रही मागे घेतलं. 2011 मध्ये डेबी नेथन या पत्रकार बाईने ते प्रकरण पुस्तकातून उघडं पाडलं. आजही काही डॉक्टर म्हणतात, लहानपणच्या भयंकर अत्याचारातून हे होतं. काही म्हणतात, उपचार करणाऱ्यानेच नकळत डोक्यात भरवलेलं असतं.

आता आपल्याकडे या. आपल्या खान्देशात या आजाराचं इंग्रजी नाव कुणी घेत नाही. इथे म्हणतात, 'तिना आंगमा येस'.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातल्या एका गावात अशी एक सून होती. संध्याकाळ झाली की आवाज बदलायचा, घरच्यांना ओळखायची नाही. मी गेलो, अर्धा तास बसलो, आणि बातमी ठोकली. हेडिंग माझंच होतं: 'एका सुनेत दोन बाया!' डोक्यात शेल्डन होता ना. बातमी तुफान वाचली गेली. पुढच्या अमावस्येला लोक मोटरसायकली काढून तिला बघायला गेले. महिन्याभरात तिला माहेरी पाठवून दिलं. तिच्या भावाचा फोन आला, "दादा, बातमी छापली तुम्ही. तिला कोणत्या डॉक्टरला दाखवायचं, ते लिहिलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कादंबरीवर माझा राग नाही. रहस्यकथा लोकांनी वाचाव्यात, मीही वाचतो. 'अपरिचित' टीव्हीवर लागला की आपण सगळे बघतो. पण या गोष्टींनी एक समज घट्ट केला: मनाचा आजार म्हणजे खुनी, नाहीतर ढोंगी. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत. मार तेच खातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत 'अंगात येणं' याची स्वतंत्र नोंद आहे. जत्रेत, देवीपुढे परंपरेने अंगात येतं, तो आजार धरलेला नाही. पण जे नको असताना येतं, ज्याने बाईचं जगणं बंद पडतं, तो आजार. नावावरून डॉक्टर भांडतील, भांडू द्या. तिची झोप उडाली आहे, ती घाबरली आहे, यावर वाद नाही.

आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, 2013 ला, कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचाराची ओपीडी विचारा. जाणं जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

हा नंबर मी त्या बातमीखाली छापू शकलो नाही, तेव्हा तो नव्हताच. पण दवाखान्याचं नाव छापता आलं असतं. तुमच्या गावात, भावकीत अशी कुणी असेल तर व्हिडिओ काढू नका, एवढा नंबर तेवढा पोचवा.