झाडांचे संगीत : मरोळच्या मुलांनी काय वाजवावे?

'निसर्गाचे संगीत' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मोबाईलवरचा पावसाचा आवाज, मध्येच कोकीळ, मागे मंद बासरी. ऐकायला छान असतं, झोपही छान लागते. पण ते बनवणाऱ्याला एकाही झाडाचं नाव माहीत असायची गरज नसते. मरोळमध्ये राहून निसर्गाच्या संगीताचा प्रयोग करायचा असेल, तर तो आपल्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांपासून सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जॉन केज नावाचे अमेरिकन संगीतकार होते. १९७५ साली त्यांनी 'चाइल्ड ऑफ ट्री' ही रचना केली. तिच्यात तबला नाही, पियानो नाही, सगळी वाद्यं वनस्पतींची. निवडुंगाचे काटे छेडायचे आणि तो बारीक आवाज माईकने मोठा करायचा. सोबत शेंगेचा खुळखुळा. आणि ती शेंग कोणत्या झाडाची, ठाऊक आहे? आपल्या गुलमोहराची! जी शेंग तुम्ही तलवार म्हणून एकमेकांच्या पाठीत घालता, तीच बरं का. शिरीषाच्या वाळक्या शेंगा तर हात न लावताही वाजतात; उन्हाळ्याच्या तोंडावर वारा सुटला की सबंध झाड खुळखुळतं. पिंपळाची सळसळ वेगळी, नारळाच्या झावळीची वेगळी. डोळे मिटून झाड ओळखायचा खेळ एकदा खेळून बघा, पहिल्या दिवशी सगळेच चुकतात.

हल्ली पानाला वायर जोडून 'झाड गाणं म्हणतंय' असे व्हिडिओ दिसतात. त्यात गंमत आहे, विज्ञानही आहे. पानातले विजेचे बारीक बदल यंत्र टिपतं आणि त्यांचे सूर करतं. पण कोणता सूर लावायचा, हे माणूसच ठरवतो. त्याला झाडाचं गाणं म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे झाड आणि वाद्य यांचं नातं जुनं आहे. वारली लोकांचा तारपा घ्या. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि जोडायला मेण. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो. वेल गेला, तर वाद्य गेलं. साधा हिशेब आहे.

हा हिशेब मरोळकरांना शेजारीच बघायला मिळाला. मरोळ-मरोशी रस्ता जिकडे जातो त्या आरेत आदिवासी पाडे आहेत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तिथे मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, पण तोवर दोन हजारांच्या वर झाडं पडली होती. त्याच वर्षी 'स्वदेसी' या मुंबईतल्या रॅप गटाने आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. रॅप आणि पाड्यावरचा आवाज एकत्र! आता आपण मरोळ नाक्यावरून तीच मेट्रो पकडतो, मीसुद्धा पकडतो. म्हणून गाणं वाया गेलं का? मला नाही वाटत. जंगलाची बाजू तिथे राहणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाली, हे लहान काम नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, एक झाड तोडलं तर दहा रोपं लावतात की! कायदाही बदलला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची. लावलीच पाहिजेत. पण पन्नास रोपांना मिळून एक शेंग वाजत नाही. त्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं, आणि मधल्या काळात तुमची शाळा संपलेली असते. हे कागदावर समजत नाही, कानाला मात्र लगेच समजतं. म्हणूनच या संगीताला मी नुसता छंद मानत नाही.

तेव्हा असं करा. फक्त खाली पडलेलंच उचलायचं. फांदी मोडून वाद्य करणाऱ्याला गटात घ्यायचं नाही. शेंगा, बिया, करवंट्या, वाळकी पानं जमवा. पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होण्यापूर्वी जमवा, नाहीतर सगळं ट्रकमध्ये जाईल. ताल चुकला तरी चालेल. प्रत्येक झाडाचा दोन मिनिटांचा आवाज मोबाईलवर घ्या. झाडाचं मराठी नाव, जागा आणि तारीख वहीत लिहा. झाड तोडायचं असेल तर महापालिका हरकती मागवते, तशी नोटीस झाडावर लावते. वृक्ष संरक्षणाचा हा कायदाही १९७५ चाच, केजच्या रचनेच्या वर्षातला. तुमच्या यादीतल्या एखाद्या झाडावर असा कागद दिसला, तर घरच्यांना मुदतीच्या आत हरकतीचा अर्ज द्यायला सांगा, आणि वहीतलं ते पान त्याला जोडा.