गाडी हवी, गाडीवान नको

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पुण्याहून महाडला गेलो, ते स्वतःच चालवायच्या भाड्याच्या गाडीने. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या या गाड्या पूर्वी गोव्यात दिसत. आता पुण्या-मुंबईतही त्या सहज मिळतात. ग्रीसच्या एखाद्या बेटावर उतरलेला प्रवासी म्हणे बंदरावरच किल्ली ताब्यात घेतो, आणि मग दोन दिवस ते बेट त्याच्या मर्जीने चालते. आम्हालाही तसेच काहीसे हवे होते. गाडी देणाऱ्या तरुणाने गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र घेतले. अकरा भरले. हस्तलिखिताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या संपादकाच्या चिकाटीने त्याने त्यांची यादी केली आणि आमची सही घेतली.

चालकासह गाडी का घेतली नाही, याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर पैसे हे त्यातले निम्मेच कारण आहे. पूर्वी एकदा महाबळेश्वरी आम्ही चालकासह गेलो होतो. रात्री आम्ही खोलीत आणि तो गाडीत झोपला. जेवताना तो आपण होऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला, आणि आम्ही त्याला एकदा बोलावून, दुसऱ्यांदा न बोलावता, जेवलो. चालक नसला की हा संकोचही उरत नाही. स्वतः गाडी चालवण्याच्या ज्या स्वातंत्र्याचे आपण गोडवे गातो, त्यातला काही भाग या लाजेपासूनची सुटका असतो.

ताम्हिणी घाटातच एक गोष्ट ध्यानात आली. स्टिअरिंग ज्याच्या हाती, त्याला दरी दिसत नाही. त्याला पुढचे वळण दिसते, समोरून येणारा टेम्पो दिसतो, रस्त्याची खचलेली कड दिसते. धबधबे, धुके, गवताचे रंग हे सगळे शेजारी बसलेल्याचे. आमच्या प्रवासवर्णनांचे गद्य बहुतांशी या शेजारी बसलेल्याने लिहिले आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेले, त्यांचे ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये प्रसिद्ध झाले, तिथपासून पु. लं.च्या ‘अपूर्वाई’पर्यंत आणि पुढेही लेखक पायी चालतो, गाडीत, बोटीत, विमानात बसतो, पण लगाम त्याच्या हाती क्वचितच असतो. ज्याच्या हाती असतो, तो असलाच तर विनोदापुरता किंवा एखाद्या दंतकथेपुरता येतो. गाडी भाड्याने ठरते कशी, कोण कोणाला गाडीत घेते, कोण कोणासाठी गाडी हाकते, हे प्रश्न या साहित्यप्रकाराला सहसा पडत नाहीत. ते न पडणे हीच एक सवलत आहे, असे आम्हाला वाटू लागले ते माणगाव मागे टाकून दासगावची पाटी दिसली तेव्हा.

दासगाव हे महाडच्या अलीकडचे खाडीकाठचे गाव. 24 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते ‘पद्मावती’ बोटीने, आणि दुसऱ्या दिवशी उतरले ते दासगावला. धरमतरला उतरून मोटारीने येण्याची वाट होती. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बसवून घेण्यास नकार दिला तर काय, हा विचार त्यामागे होता. दासगावहून महाड पाचएक मैल. तेवढे पायी जाता येते. चवदार तळ्याचा इतिहास आपण पाण्याचा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. 20 मार्च 1927 ची ती ओंजळ कोणी विसरू नये. मात्र त्या पाण्यापर्यंत पोहोचायच्या वाटेतही भाड्याच्या गाडीचा प्रश्न उभा होता, हे आम्ही वर्गात कधी सांगितल्याचे स्मरत नाही. दासगाव ते महाड हे अंतर आम्ही गाणी ऐकत काही मिनिटांत कापले.

तळ्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर आठवण झाली ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची. बाबासाहेबांनी 1935-36 च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेले आणि त्यांच्या पश्चात, 1990 साली, पुस्तिकेच्या रूपाने आलेले हे छोटेसे आत्मकथन. त्यातला पहिला प्रसंग 1901 चा. सातारहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. त्यांची जात कळताच एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघते: गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बरोबर पायी चालेल. नऊ-दहा वर्षांचे पोर, हाती कासरा, आणि गाडीचा मालक शेजारून चालतो आहे! पुढची रात्र जवळ अन्न असून पाण्यावाचून उपाशी काढावी लागते.

त्याच लेखनात 1929 चा चाळीसगावचा प्रसंग आहे. आंबेडकर तेव्हा सरकारी समितीचे सदस्य, विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला राजी नाही. टांगा मात्र भाड्याने द्यायला राजी आहे. म्हणून वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका माणसाने तो हाकला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

गाडी मिळेल, गाडीवान मिळणार नाही. हीच अट आम्ही अनामत रक्कम भरून, हौसेने, मागून घेतली होती.

आमचे म्हणणे एवढेच की हे लेखन प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत असले पाहिजे. सध्या ते वाचले जाते ते दलित साहित्याच्या किंवा सामाजिक इतिहासाच्या खणात. ज्याच्या शीर्षकातच ‘व्हिसा’ आहे, ज्याचे प्रसंग रेल्वे स्टेशन, बैलगाडी, टांगा, मुक्कामाची जागा यांभोवतीच घडतात, त्या लेखनाला प्रवासवर्णन म्हणायला आपली जीभ का अडखळते? एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे: अशा वेदनेच्या साक्षीला सहलीच्या वाङ्मयाशेजारी बसवणे म्हणजे तिला हलके करणे. आम्हाला उलटे वाटते. शेजारी बसवल्यावर कसोटी लागेल ती सहलीच्या वाङ्मयाची. ‘अपूर्वाई’ त्यानंतरही तितकीच हसवील, याबद्दल शंका नको; पण रेल्वेचा डबा, टांगा, धर्मशाळेची खोली या गोष्टी लेखकाला विनासायास मिळतात, हे विद्यार्थ्याला दिसू लागेल, आणि ते एकदा दिसले की पुढे प्रत्येक पुस्तकात दिसत राहील.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरकडे निघालो. सावित्रीवर आता नवा पूल आहे; 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, तेव्हा दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. वर्तमानपत्रांनी त्या बस मार्गांच्या नावाने ओळखल्या: जयगड-मुंबई, राजापूर-बोरिवली. पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे थांबलो, पण घाईतच, कारण अंबेनळी घाट उजेडी चढायचा होता. 28 जुलै 2018 रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळून तीस जण गेले, हे ठाऊक असल्यावर दुसरा गिअर सोडवत नाही.

एका अरुंद वळणावर वरून एसटी आली. घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम. एसटीच्या चालकाने तो पाळला आणि बस थांबवून हाताने आम्हाला पुढे बोलावले. आम्ही गडबडून गाडी डोंगराकडे इतकी दाबली की करवंदीच्या जाळीने तिचे अंग खरवडले. तो काहीच बोलला नाही. आम्ही नीट पार होईपर्यंत खिडकीतून मान काढून आमच्या मागच्या चाकाकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आठवतो. घाटमाथ्यावरची दरी कशी दिसत होती, ते शेजारच्यांना विचारावे लागेल.

पुण्यात गाडी परत करताना बारावा ओरखडा लगेच सापडला आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले. आम्ही वाद घातला नाही.

येत्या सत्रात मसूर आणि चाळीसगाव हे दोन प्रसंग आम्ही प्रवासवर्णनाच्या तासाला वाचणार आहोत. परीक्षेला ते येणार नाहीत, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवू.