मापात पाप, तेही छतावर

दुधात पाणी घातलं की आपण भांडतो. काटा मारला की वाण्याचं दुकान डोक्यावर घेतो. पण सोलारवाला छतावर मापात पाप करून जातो, तेव्हा त्याला चहा पाजतो आणि वर दोन गिऱ्हाइकं मिळवून देतो. मी दिली आहेत, म्हणून लिहितो आहे.

सोलापूरच्या आमच्या घरावर 330 वॅटची सहा जुनी पॅनेल होती. वीज पुरेना म्हणून 540 वॅटची चार नवी घेतली. बसवणाऱ्याने दहाही एकाच माळेत ओवली. ‘चाचा, बेरीज करा, चार किलोवॅटच्या वर गेलं!’ बेरीज बरोबर होती. बिल मात्र म्हणावं तसं उतरलं नाही. विचारलं तर म्हणे, यंदा ढग फार. सोलापुरात ढग फार!

पॅनेल अशी माळेत, म्हणजे सीरीजमध्ये जोडली की सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. व्होल्टची बेरीज होते, अँपिअरची होत नाही. जुन्या पॅनेलचा प्रवाह पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, नव्याचा तेराच्या. नव्याला जुन्याच्या चालीने चालावं लागतं आणि रखरखीत उन्हातही 540 मधले जेमतेम 390 हाती येतात. चौघांचे मिळून सहाशे वॅट गेले. पैसे मात्र पूर्ण मोजले, तेही कर्ज काढून.

वॅट सारखे असले म्हणजे जोडी जमली असंही नाही. 400 वॅटचं एक पॅनेल दहा अँपिअरचं असतं, दुसरं तेराचं. हा आकडा पॅनेलच्या पाठीवर ‘आयएमपी’ म्हणून छापलेला असतो. माझ्या कोटेशनवर तो नव्हता. तिथे फक्त किलोवॅट आणि रुपये. सरकारचंही तेच. पीएम सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान किलोवॅटवर ठरतं, छतावरून किती युनिट उतरले यावर नाही.

मित्र म्हणतात, गिऱ्हाइकाने अभ्यास करावा. का? वाण्याकडे जाताना मी वजनमापाचं शास्त्र शिकून जातो का? व्होल्टेज बसत असेल तर नवी पॅनेल वेगळ्या माळेत घेऊन इन्व्हर्टरच्या दुसऱ्या एमपीपीटीला जोडायची, नाहीतर ऑप्टिमायझर लावायचे, हे सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. लेखी सांगणं.

परवा त्याला फोन केला, माळ सोडवून दे म्हटलं. म्हणाला, ‘देतो की चाचा, मजुरी वेगळी पडेल.’